केस फाइल विश्वस्तांनी बघावी का?

सदाफुली | रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं इथे वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

बँकेतून निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने मजेत गेले, पुढचे सहा जाता जाईनात. तेवढ्यात एका मैत्रिणीने तिच्या महिला समुपदेशन केंद्राच्या विश्वस्त मंडळावर यायचं सुचवलं. "हिशेब कळणारं कुणी नाही गं आमच्यात," एवढंच ती म्हणाली आणि मी हो म्हणून बसले. संस्था लहान आहे. दोन पगारी समुपदेशक, त्यातल्याच एक समन्वयक. एक अर्धवेळ हिशेबनीस. आठवड्यातून एक दिवस येणाऱ्या वकीलबाई. आणि आम्ही सात विश्वस्त, सगळे बिनपगारी. मी खजिनदार.

गेल्या सभेत विषयपत्रिका संपली, आयत्या वेळचे विषय सुरू झाले, दोघातिघांनी पिशव्या उचललेल्या. तेव्हा आमच्यातले एक ज्येष्ठ विश्वस्त (त्यांना आपण भाऊ म्हणू) समन्वयकताईंना म्हणाले, "ती अमक्यांच्या सुनेची केस आपल्याकडे आलीय ना? मुलाचे वडील माझ्या चांगल्या परिचयातले. घर चांगलं आहे हो. फाइल जरा बघू द्या, मी मध्ये पडून मिटवून टाकतो."

ताई केस आलीय असंही म्हणाल्या नाहीत आणि नाही असंही नाही. म्हणाल्या, "फाइल दाखवता येत नाही, भाऊ."

"विश्वस्तांना?"

"कुणालाच."

"मग आम्ही इथे कशाला आहोत? नुसत्या सह्या करायला?"

अध्यक्षांनी "पुढच्या सभेत घेऊ" म्हणून विषय गुंडाळला. पुढची सभा तीन आठवड्यांनी आहे.

खरं सांगू का, मला दोघांचंही पटलं. भाऊ काही दुष्ट माणूस नाही. संस्थेला जागा मिळाली ती त्यांनी महिनोन्‌महिने चपला झिजवल्या म्हणून. आणि बँकेत आमच्याकडे इन्स्पेक्शनला आलेला साहेब हवी ती लोन फाइल उघडायचा, कुणाची हिंमत नव्हती नाही म्हणायची. जबाबदारी आमच्यावर, मग कागद बघायचा हक्क का नको? दुसरीकडे ताईंच्या चेहऱ्याकडे बघून वाटलं की इथे मला न कळलेलं काहीतरी आहे.

ज्यांनी अशा संस्थांत काम केलंय त्यांनी कृपया लिहा.

निमशहरी | रविवार, रात्री १०:४०

महत्त्वाचा विषय. वाचनखूण साठवली आहे, जाणकारांच्या प्रतीक्षेत.

अर्धविराम | रविवार, रात्री ११:५२

चौदा वर्षं समुपदेशक आहे, दोन वेगवेगळ्या संस्थांत. थोडं लांबेल.

सदाफुलीताई, पहिल्यांदा आलेली बाई कशी बसते ते सांगते. दाराजवळच्या खुर्चीवर. पर्स मांडीवर, पट्टा मनगटाला गुंडाळलेला. आम्ही मुद्दाम एक खुर्ची दारापाशीच ठेवतो, कारण आतली खुर्ची दिली तर ती अर्ध्या तासात उठते. पहिल्या भेटीत बहुतेक जणी स्वतःची नाहीच, "एका मैत्रिणीची" गोष्ट सांगतात. आपण ऐकायची. मध्येच कधीतरी ती विचारते, "हे बाहेर जाणार नाही ना?" मी म्हणते, नाही. माझ्याकडे तिला द्यायला त्या दिवशी तेवढंच असतं. पैसे नाहीत, घर नाही, पोलीस नाहीत. एक "नाही" आहे. तुमच्या भाऊंनी फाइल बघितली की ते खोटं ठरलं.

आमच्याकडे येणाऱ्या एका बाईने आमचा नंबर "शिलाई क्लास" म्हणून सेव्ह केला होता. आम्ही फोन करायचो तो सकाळी अकरा ते साडेअकरातच, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर ब्लाउजचं माप विचारून ठेवून द्यायचो. हे सगळं फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं: कोणत्या वेळी, कोणत्या नावाने. ते पान चुकीच्या माणसाने वाचलं तर काय होईल याचा विचार करा. तो माणूस सज्जन असला तरी. सज्जन माणूस घरी जाऊन सज्जनपणेच बोलतो, "अहो, तुमची सून आमच्या संस्थेत येते, काळजी करू नका."

आणि "मध्ये पडून मिटवतो" हे तर समुपदेशनच नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्याखालच्या २००६ च्या नियमांत समुपदेशक कोण होऊ शकत नाही हे दिलंय: ज्याचा वादाशी संबंध आहे किंवा जो पक्षकारांपैकी कुणाचा नातलग आहे, तो नाही, सगळ्या पक्षांनी लेखी हरकत सोडली तरच. नियम १३. त्याच्या पुढच्याच नियमात आहे की नवऱ्याला समुपदेशनात स्वतःच्या हिंसेचं समर्थन करता येणार नाही, आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं. म्हणजे "तीही उलट बोलते हो" हे वाक्य तिथे चालत नाही. मध्ये पडणारे काका हमखास याच वाक्यापासून सुरुवात करतात. हे नियम कोर्टाने पाठवलेल्या समुपदेशनासाठी आहेत हे मान्य, पण त्यामागचं शहाणपण कोर्टाबाहेर लागू होत नाही असं थोडंच आहे?

आडवाटेचा | सोमवार, सकाळी ८:०५

दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

मी एका ट्रस्टवर चार वर्षं होतो (नाव-गाव विचारू नका). काही विचारलं की उत्तर एकच, "गोपनीय आहे." आम्हीही भाबडे, विचारणं बंद केलं. चौथ्या वर्षी देणगीदार कंपनीची माणसं भेटीला येणार म्हणून मी सहज आदल्या संध्याकाळी गेलो, तर दोघी मिळून नोंदवही भरत होत्या. एकाच पेनाने, एकाच अक्षरात, अकरा महिन्यांच्या नोंदी. वर्षभरात केंद्र किती दिवस उघडलं होतं देव जाणे. आम्ही सगळ्यांनी त्या वर्षीच्या अहवालावर सह्या केलेल्या होत्या.

तेव्हा "फाइल कुणालाच नाही" हे मला पूर्ण मान्य नाही. न बघता विश्वास ठेवायचा तर विश्वस्त हवेत कशाला? अर्धविराम, तुमच्यासारखे प्रामाणिक लोक असतील तर ठीक. नसतील तर?

मधली_सुट्टी | सोमवार, सकाळी ९:३०

आडवाटेचा +१. प्रश्न रास्त आहे.

खातेवही | सोमवार, दुपारी २:२०

सीए आहे, धर्मादाय संस्थांचं ऑडिट पोटापाण्यासाठी करतो. माझ्या अखत्यारीतलं तेवढं लिहितो.

आधी एक गैरसमज. महाराष्ट्रातल्या पुष्कळ संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेल्या असतात आणि त्यांच्या कार्यकारिणीला वाटतं की आपण "सदस्य", विश्वस्त नव्हे. आपल्याकडे अशी धर्मादाय सोसायटी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखालीही येते. त्यामुळे धर्मादाय आयुक्तांसमोर जबाबदारी तीच. मानधन घेत नाही म्हणून ती हलकी होत नाही. हलगर्जीने संस्थेचं नुकसान झालं तर ते विश्वस्तांकडून भरून घेता येतं, आणि कलम ४१-डी खाली विश्वस्ताला काढताही येतं. भाऊंना "आम्ही कशाला आहोत" याचं उत्तर हवं असेल तर ते इथे आहे, फाइलच्या कपाटात नाही.

विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. सदाफुलीताई, तुमचा दिला का? निम्म्या संस्थांत मी पाहतो, परलोकवासी झालेले गृहस्थ शेड्यूल वनवर (धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीवर) अजून विश्वस्त असतात आणि बँकेत सही कुणाची यावरून घोळ. जागा विकायची किंवा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर आधी आयुक्तांची परवानगी. कर्ज काढायचं तरी परवानगी. करसवलत टिकवायची तर उत्पन्नाचे ८५ टक्के कामावर खर्च व्हायला हवेत. हे सगळं मंडळाचं काम. कुणी विचारत नाही, कारण यात कुणाच्या सुनेची गोष्ट नाही.

आता आडवाटेचा यांचा मुद्दा. बोगस नोंदी पकडायला फाइल उघडावी लागत नाही. वीजबिल बघा. अकरा महिने बंद असलेल्या केंद्राचं बिल किमान आकाराचंच येतं. फोनचं बिल, हजेरीपत्रक, प्रवासखर्च, वकीलबाईंच्या मानधनाच्या तारखा एकमेकींशी जुळतात का बघा. खोटं लिहिणारा माणूस नोंदवही नीट भरतो, वीज जाळायची मात्र विसरतो.

आणि एक गोष्ट, जी समुपदेशकांच्याही लक्षात येत नाही. नावं फाइलमधून फुटत नाहीत, व्हाउचरमधून फुटतात. "सौ. अमुक तमुक यांना कोर्टात जाण्यासाठी रिक्षाभाडे", खाली तिची सही. ते व्हाउचर हिशेबनीस बघतो, खजिनदार बघतो, मी बघतो, माझा आर्टिकलशिपचा (सीए शिकणारा) पोरगा बघतो. तिथे फक्त केस नंबर हवा. नंबर कुणाचा ते समन्वयकाच्या कुलपात.

सदाफुली | सोमवार, रात्री ९:१०

खातेवही, चेंज रिपोर्टचं उद्याच विचारते. व्हाउचरचं वाचून पोटात गोळा आला, त्याबद्दल नंतर लिहीन.

अर्धविराम, "सज्जन माणूस सज्जनपणेच बोलतो" हे भाऊंना तंतोतंत लागू आहे. पण आडवाटेचा यांचाही प्रश्न उरतोच. वीजबिलावरून केंद्र उघडं होतं हे कळेल. आत जे चाललंय ते बरं चाललंय की वाईट, हे कसं कळायचं?

अर्धविराम | सोमवार, रात्री ११:३०

याचं उत्तर आहे, फक्त त्याला थोडे पैसे लागतात, म्हणून संस्था ते टाळतात.

समुपदेशकाच्या कामावर देखरेख हवीच. मी माझ्या केसेस महिन्यातून एकदा बाहेरच्या एका ज्येष्ठ समुपदेशक बाईंकडे घेऊन बसते. आमच्या क्षेत्रात याला सुपरव्हिजन म्हणतात. साहेबाने झाडाझडती घ्यावी तसं नसतं ते. नाव-गाव काढून केस मांडायची, मी कुठे चुकले ते त्या दाखवतात. "तू तिला नांदायला जायला का सांगितलंस? तिने विचारलं होतं, की तुला तिच्या रडण्याचा त्रास झाला?" असे प्रश्न विश्वस्त विचारू शकणार नाहीत, आणि विचारले तरी मला त्यांचं ऐकावंसं वाटणार नाही. मंडळाने बघायचं ते इतकंच की सुपरव्हिजन खरंच होतंय, त्याची तरतूद अंदाजपत्रकात आहे आणि त्या बाई संस्थेतल्या कुणाच्या नात्यातल्या नाहीत. वर्षातून एकदा त्यांनीच कपाटातल्या पाच-दहा फाइली कुठल्याही उचलून तपासाव्यात आणि मंडळाला नावांशिवाय लेखी कळवावं: नोंदी वेळेवर आहेत का, जिवाला धोका असलेल्या केसमध्ये सुरक्षेचा आराखडा लिहिलाय का. आडवाटेचा, एका पेनाचं अक्षर त्यांना पहिल्या पाच मिनिटांत दिसलं असतं.

पण खरी गोम वेगळीच आहे. मंडळ कोणता आकडा मागतं त्यावर आत काय होणार ते ठरतं.

आधीच्या संस्थेत दर तिमाहीला एक तक्ता जायचा. रकाने: आलेल्या केसेस, मिटलेल्या केसेस, प्रलंबित. मिटलेल्या म्हणजे समेट होऊन बाई परत गेलेली. विश्वस्तांच्या मनात काही वाईट नव्हतं, बँकेत वसुली बघतात तशी सवय. पण मार्च जवळ आला की आम्ही दोघी नकळत बदलायचो. एखादी बाई "जाऊ का परत?" म्हणाली की मन म्हणायचं, जा, एक आकडा होईल. मी स्वतः हे केलंय. एक बाई फेब्रुवारीत परत गेली आणि पावसाळ्यात हात प्लास्टरमध्ये घालून आली. तक्त्यात ती दोनदा मोजली गेली: एकदा "मिटलेली", एकदा "नवीन". सभेत कुणालाच काही खटकलं नाही, कारण दोन्ही रकाने वाढले होते.

आता आम्ही वेगळं मोजतो. पहिल्या भेटीनंतर किती जणी परत आल्याच नाहीत? पहिला फोन आणि पहिली भेट यांत किती दिवस गेले? किती जणींना संरक्षण अधिकाऱ्याकडे (कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली सरकारने नेमलेला), वकिलाकडे, निवाऱ्याला, दवाखान्यात पाठवलं, आणि त्यातल्या किती तिथे पोचल्या? तिला स्वतःला काय हवं होतं आणि त्यातलं काय झालं? पहिला आकडा सगळ्यात बोचरा. आमच्याकडे तो एका वर्षी अचानक वाढला. विश्वस्तांपैकी एक बाई म्हणाल्या, "हे कधीपासून?" शोधलं तर जिन्याखाली दुकान झालं होतं आणि तिथे दिवसभर पुरुष उभे असायचे. दार मागच्या बाजूला नेलं. नाव माहीत नसलेल्या किती बायकांसाठी ते दार हललं! विश्वस्तांचं मार्गदर्शन म्हणतात ते मला हे वाटतं.

सरळमार्गी | मंगळवार, सकाळी ७:१५

एवढा काथ्याकूट कशाला? पूर्वी घरातली मोठी माणसं मध्ये पडून मिटवायचीच ना? या संस्था आल्या आणि घरं मोडायला लागली.

आडवाटेचा | मंगळवार, सकाळी ७:४०

सरळमार्गी, पूर्वी मिटायची नाहीत, दाबली जायची. स्वतंत्र धागा काढा, तिथे भांडू. इथे नको.

जुनी_वही | मंगळवार, दुपारी १:०५

वकील आहे. कायद्याची थोडी भर, कारण "गोपनीय" या शब्दाला चारही बाजूंनी भिंत आहे असं समजणारेही चुकतात.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १० खाली संस्थेला सेवा पुरवठादार म्हणून शासनाकडे नोंदणी करता येते. अर्जाआधी किमान तीन वर्षं काम केलेलं असावं लागतं. मग बाईची इच्छा असेल तर संस्था घरगुती घटनेचा अहवाल नोंदवून दंडाधिकारी आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवू शकते. सद्‌भावनेने केलेल्या कामाबद्दल दावा-फिर्यादीपासून संरक्षणही मिळतं. विश्वस्त मंडळाने "आपली नोंदणी आहे का?" एवढं विचारलं तरी पुष्कळ.

पण समुपदेशकाला वकिलासारखं कायदेशीर कवच नाही. अशिलाने वकिलाला सांगितलेलं कायद्याने राखलेलं असतं. समुपदेशकाच्या वहीला तसं संरक्षण नाही, कोर्ट ती मागवू शकतं. म्हणून नोंदीत तर्क, शेरे, "बाई जरा तापट वाटते" असलं काही लिहू नये. उद्या तेच वाक्य समोरचा वकील तिच्यापुढे वाचून दाखवेल. लेखी आदेश आला तर काय करायचं, कुणी करायचं, हे आधी ठरवून ठेवा. पोलीस दारात उभे असताना ठरत नाही.

दुसरं, मूल. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावरचा लैंगिक गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा. समुपदेशकालाही सूट नाही. त्यामुळे "काही बाहेर जाणार नाही" असं सरसकट वचन देऊ नका, अर्धविराम, तुम्ही देत नसालच. पहिल्याच भेटीत मर्यादा सांगायची.

तिसरं मुद्दाम विश्वस्तांसाठी. वार्षिक अहवालात "एका पीडितेची कहाणी" छापायची हौस आवरा. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईची ओळख उघड करणं पूर्वी भा.दं.वि. २२८-अ खाली गुन्हा होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. नाव बदलून गाव, नवऱ्याचा धंदा, मुलांची वयं तशीच ठेवली तर गावाला कळायचं ते कळतंच.

अर्धविराम | मंगळवार, दुपारी १:३५

जुनी_वही, बरोबर पकडलंत. वर मी जे "नाही" लिहिलंय त्याला जोडून दोन वाक्यं असतात: मुलाला धोका असेल किंवा कुणाच्या जिवावर बेतलं असेल तर मला बोलावं लागेल, आणि बोलण्याआधी तुम्हाला सांगेन. लिहिताना राहिलं.

पायरीवरची | मंगळवार, रात्री ११:५८

लिहू की नको करत दोन दिवस गेले.

मी अशा एका केंद्रात गेले होते. म्हणजे जायला निघाले होते. दुसऱ्या मजल्यावर होतं. मधल्या पायऱ्यांवरून आतला बाक दिसायचा. बाकावर एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. ते माझ्या मुलाच्या शाळेच्या समितीवर होते, नवऱ्याच्या ओळखीचे. पुढे कळलं की ते तिथले विश्वस्त, रोज तासभर येऊन बसायचे, काही हवं-नको बघायला. चांगल्या मनानेच.

मी तिथूनच खाली उतरले. त्यांनी मला बघितलंही नसेल. परत जायला सात महिने लागले, आणि तेही दुसऱ्या संस्थेत, दोन बस बदलून.

त्यांचा राग नाही. फक्त पेपर घरी वाचायला हवा होता.

निमशहरी | बुधवार, सकाळी ६:५०

काय लिहू. धन्यवाद, लिहिल्याबद्दल.

आडवाटेचा | बुधवार, सकाळी ८:२०

पायरीवरची, आमच्याही त्या केंद्रात मी "अचानक भेटी" द्यायचो, आणि ते मोठ्या अभिमानाने सांगायचो. एवढंच.

तिसरी_घंटा | बुधवार, दुपारी ४:४५

सहा वर्षं अध्यक्ष होते, मुदत संपली तशी उतरले. (अवांतर: तहहयात विश्वस्त ही चीज बंद व्हायला हवी. संस्थापकांचे पाय धरावेत, पण खुर्ची त्यांच्या नावावर करू नये.)

विश्वस्तांना आत जायचं नाही हे ठरलं की पुष्कळांचा हिरमोड होतो, कारण बाहेरचं काम कंटाळवाणं असतं. पण समुपदेशक तेवढ्यावाचूनच कोलमडतात. अनुदान पाच महिने लांबलं तेव्हा आमच्या दोघींचा पगार थांबला, आणि त्यांनी येणाऱ्या बायकांना आर्थिक स्वावलंबनाचे सल्ले देणं चालू ठेवलं होतं. लाज वाटली. तेव्हापासून तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम बाजूला, तिला हात लावायचा तर ठराव करून.

एकदा एकीचा नवरा दारू पिऊन केंद्रात आला, काच फोडली. कोण बाहेर जाणार, कोण फोन करणार, आतल्या बाईला कुठून काढणार, काही ठरलेलं नव्हतं. समुपदेशक मुलगी पंचविशीतली, तीच पुढे झाली. पुढच्या सभेत आम्ही पडद्यांच्या रंगावर चर्चा करणार होतो! विषयपत्रिका फाडून टाकली. त्या महिन्यात दाराला आतून कडी, मागची वाट, जवळच्या ठाण्याशी आधीच बोलणं आणि संध्याकाळी एकटीने केंद्र उघडं ठेवायचं नाही हा नियम झाला.

अजून एक. दिव्याखाली अंधार नको. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा आपल्यालाही लागू आहे, आणि त्यात बिनपगारी काम करणारेही "कर्मचारी" धरलेत. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच. तुमची संस्था लहान असली तरी स्वयंसेविका मोजून बघा. कमी भरली तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, हे भिंतीवर लिहून लावा.

भाऊंबद्दल माझं मत: त्यांना हाकलू नका. मुंबई पोलीस आयुक्तालयात १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात, पण काम करायचं ते प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्यांनी. पोलिसांनी जागा दिली, वजन दिलं, आत बसून समुपदेशन केलं नाही. भाऊंनी तुम्हाला जागा मिळवून दिली, ते मोठंच काम आहे. त्यांना तेच नीट समजावून सांगा.

सदाफुली | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०:०५

काल सभा झाली. काय झालं ते लिहिते, कारण निम्मी तयारी या धाग्यावर झाली.

ठराव मी लिहून नेला होता. विश्वस्तांना केस फाइल नाही, येणारीचं नाव नाही, केंद्राच्या वेळेत वर येणं नाही. सभा फक्त सुट्टीच्या दिवशी. कुठल्या केसशी विश्वस्ताची ओळख किंवा नातं असेल तर त्याने आपणहून सांगून बाजूला व्हायचं. बाहेरच्या सुपरव्हिजनसाठी तरतूद. तक्त्यातला "मिटलेल्या" हा रकाना रद्द. समन्वयकताईंनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि एकच दुरुस्ती सुचवली: "वर येणं नाही" ऐवजी "जिन्यातही नाही".

भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे पंचवीस वर्षांपूर्वी मला कुणी सांगितलं असतं तर मी या भानगडीत पडलोच नसतो." ठराव पाच विरुद्ध एक मंजूर झाला, एक जण गैरहजर. विरोध इतिवृत्तात नोंदवा म्हणाले, नोंदवला. राजीनामा दिला नाही. बाहेर पडताना मला म्हणाले, भाडेकरार संपत आलाय, मालकाशी मीच बोलेन. त्या मुलाच्या वडिलांशी ते काही बोलले आहेत का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

बदल अर्ज दिलेलाच नव्हता. नव्वद दिवस केव्हाच उलटून गेलेत. आता विलंब माफीच्या अर्जासह देतोय.

आणि ते व्हाउचरचं. त्या रात्री मी गेल्या वर्षीच्या व्हाउचरची फाइल घरी काढून बसले. हो, घरी, ती माझ्या कपाटात असते. एकोणीस व्हाउचर नावासकट निघाली. प्रत्येकावर माझी सही. भाऊंनी एक फाइल मागितली म्हणून मी धागा काढला, आणि मी वर्षभर एकोणीस नावं चाळत होते, बेरीज बरोबर आहे का एवढंच बघत. त्यातलं एक नाव या वेळी वाचलं. आमच्याच शाखेत काउंटरला होती ती. दर दिवाळीला फोन करते.

खातेवही, एक विचारायचं होतं. ही जुनी व्हाउचरं ऑडिट होऊन गेलीत. यांचं काय करू?

खातेवही | शनिवार, रात्री १०:५०

खाडाखोड करू नका, फाडू तर मुळीच नका. ऑडिट झालेला कागद आहे. सगळी एका पाकिटात घाला, वर फक्त व्हाउचर क्रमांक आणि एकूण रक्कम लिहा, लाखेचा नाहीतर चिकटपट्टीचा शिक्का, त्यावर तुमची आणि अध्यक्षांची सही. पाकीट संस्थेच्या कुलपात. तुमच्या घरी नको. फाइलमध्ये त्या जागी एक कोरा कागद, "मूळ व्हाउचर मोहोरबंद, पाहा ठराव क्रमांक अमुक". येत्या महिन्यापासून केस नंबर. तुमच्या ऑडिटरना आधी कल्पना द्या, नकार देणार नाहीत.

सदाफुली | शनिवार, रात्री ११:१०

सोमवारी करते. आणि दिवाळीत तिचा फोन आला तर?

अर्धविराम | शनिवार, रात्री ११:२५

नेहमीसारख्या गप्पा मारा. तिने काही सांगितलंच, तर पहिल्यांदा ऐकताय तसं ऐका.